पांढरी पाच की पांढरी एक? एका कव्हरचं प्रकरण

चौघं आले तेव्हा त्यांच्याकडे सगळं तयार होतं. ट्रॅक तयार, मराठी शब्द तयार, मुखपृष्ठाचं चित्रही तयार. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं : 'मूळ गाणं : सॉफ्ट सेल, १९८१'. माझ्याकडून फक्त दोन तास हवे होते, आवाज भरायला. कर्वेनगरात माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. बाहेरच्या खोलीत मिक्सिंगचं टेबल, आतल्या खोलीत भिंतींना गाद्या. दोन तासांत आवाज भरून जाणारे पुष्कळ येतात. या चौघांचं काम अकरा आठवडे चाललं. शेवटी जे बाहेर पडलं त्यात त्यांनी आणलेल्यापैकी ना ट्रॅक उरला होता, ना शब्द, ना ती बारीक अक्षरं.

त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावं घालू नका म्हणाले, घालत नाही.

चौघांची ओळख फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींतली. कॉलेज संपलं, करंडक संपला, पण रात्री अकरापर्यंत एकत्र बसायची सवय सुटली नाही. गायिका लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली, दिवसा एका बँकेत. कीबोर्डवाला हिंजवडीला, त्यामुळे तालमीची वेळ त्याच्या बसवर. बास वाजवणारा सी.ए.च्या परीक्षेतला. चौथा ढोलकीवाला, ज्याचे आजोबा तमाशाच्या फडात वाजवायचे आणि जो ड्रमसेटला सरळ 'डबे' म्हणतो.

गाणं होतं 'टेंटेड लव्ह', सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडगोळीने गाजवलेलं. एका लग्नाच्या संगीत कार्यक्रमात डीजेने वाजवलं, चौघांनाही आवडलं, आणि त्याचं मराठीत कव्हर करायचं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने गायचं, ठरलं.

ट्रॅक कोणाचा?

पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह लावला आणि खोलीभर ते दोन ठोके घुमले. इलेक्ट्रॉनिक, किंचित प्रतिध्वनीचे, टक-टक. एकदा ऐकले की डोक्यातून जात नाहीत. मी ट्रॅक थांबवला.

"हा वाजवलाय कोणी?"

"नेटवर मिळाला, काका. मायनस ट्रॅक आहे."

"म्हणजे कोणीतरी वाजवलाय."

"हो, म्हणजे... असेल कोणीतरी."

आमच्या धंद्यातला हा रोजचा संवाद आहे. मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाच्या आवाजाशिवायचं नुसतं वाजवलेलं गाणं, आभाळातून पडत नाही. कोणीतरी खोलीत बसून, वाद्यं लावून तो बनवलेला असतो आणि तो त्याच्या मालकीचा असतो. त्यावर आपला आवाज चढवून तो विकायला काढला तर दोन परवानग्या लागतात : गाण्याची वेगळी, आणि त्या ट्रॅकची वेगळी. कीबोर्डवाल्याने वर्षभरापूर्वी तालमीचा एक व्हिडिओ याच ट्रॅकवर चढवला होता आणि त्यावर दोन ठिकाणांहून दावा आला होता. 'एका गाण्याला दोन मालक कसे?' हे कोडं त्याला तेव्हापासून पडलेलं.

मी त्याला संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांची आठवण करून दिली. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्यानंतरच्या कितीतरी नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं सापडतं. चाल कुठून घेतली ते उघड सांगायचं, शब्द आपले घालायचे, आणि नटाने आपल्या गळ्याने म्हणायचं. चाल, शब्द आणि गळा या तीन वेगळ्या वस्तू आहेत हे त्या वाचकाला शिकवावं लागत नव्हतं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही हेच वेगळ्या भाषेत म्हणतो : शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी, ध्वनिमुद्रण ही तिसरी. कव्हर करायचं म्हणजे पहिल्या दोन घ्यायच्या आणि तिसरी स्वतः घडवायची. हे तर तिसरीच उचलून आणली होती.

ट्रॅक गेला. कीबोर्डवाल्याचा चेहरा पडला, पण तो गणिती माणूस, त्याला पटलं.

गाणं कोणाचं?

मग मी त्यांना तेच गाणं ग्लोरिया जोन्सच्या आवाजात ऐकवलं.

निम्म्या गाण्यापर्यंत कोणी बोललं नाही. मग ढोलकीवाला म्हणाला, "ही तर धावतेय." अगदी नेमकं. गिटार, बास, ड्रम, पितळी वाद्यं आणि त्यांच्या पुढे जिवाच्या आकांताने पळणारी एक बाई. सॉफ्ट सेलचा थंडपणा नावालाही नाही.

इतिहास असा. गाणं लिहिलं एड कॉब या अमेरिकन माणसाने. हा मुळात 'द फोर प्रेप्स' या गाणाऱ्या चौकडीतला, नंतर निर्माता झालेला. शब्द त्याचे, चाल त्याची. ग्लोरिया जोन्सने ते १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि पुढच्या वर्षी चँपियन या छोट्या कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं. पुढच्या बाजूला दुसरंच गाणं. तबकडी पडली. पुढची बाजूही चालली नाही, मागची कोणी उलटून पाहिली नाही.

इथे गोष्ट संपायची. पण उत्तर इंग्लंडमधल्या गिरणगावांत तेव्हा एक विलक्षण वेड होतं. अमेरिकेत पडलेल्या, कोणी न ऐकलेल्या, सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन शैलीतल्या वेगवान गाण्यांच्या तबकड्या हुडकून आणायच्या आणि त्यावर रात्रभर नाचायचं. या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात. विगन कसिनो हे नाचघर १९७३ पासून त्याचा अड्डा होतं. पाय घसरावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर पसरलेली. रिचर्ड सर्लिंग नावाचा डीजे १९७३ मध्ये अमेरिकेतून ग्लोरिया जोन्सची ती पडलेली तबकडी घेऊन आला आणि आठ वर्षं धूळ खात पडलेलं गाणं त्या नाचघरांतलं हुकमी पान झालं. बुधवारी किंवा रविवारी आपल्या जुन्या बाजारात रेकॉर्डच्या ढिगासमोर उकिडवं बसलेल्या माणसाला हे वेड समजावून सांगायची गरज नाही.

जाता जाता एक गंमत. हे डीजे आपली दुर्मीळ तबकडी दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून तिच्या लेबलवर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटंच नाव सांगायचे. त्याला ते 'कव्हर-अप' म्हणत. झाकलेली तबकडी. आमच्या चौघांनी कोपऱ्यात 'सॉफ्ट सेल' लिहून नकळत तेच केलं होतं.

ग्लोरिया जोन्सने १९७६ मध्ये ते गाणं पुन्हा गायलं, 'व्हिक्सन' या अल्बमसाठी. निर्माता होता टी. रेक्स या बँडचा मार्क बोलन, तिचा जोडीदार. तेही चाललं नाही. म्हणजे मूळ गायिकेने दोनदा गायलं आणि दोन्ही वेळा पडलं.

आणि मग १९८१. मार्क अल्मंड आणि डेव्हिड बॉल ही लीड्सच्या कला शाखेत भेटलेली जोडगोळी, सॉफ्ट सेल. बॉल ब्लॅकपूलचा, नॉर्दर्न सोलवर वाढलेला. गाणं त्याच्या कानात होतंच. त्यांनी गिटार आणि पितळी वाद्यं काढून टाकली, त्यांच्या जागी सिंथेसायझर आणि तालयंत्र आणलं, लय उतरवली, पट्टी उतरवली. निर्माता माइक थॉर्न. ब्रिटनमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत आठव्याच्या वर गेलं नाही, पण बिलबोर्डच्या शंभराच्या यादीत ४३ आठवडे ठाण मांडून बसलं. तोवर तिथे इतके आठवडे कोणतंच गाणं टिकलं नव्हतं.

गायिका म्हणाली, "म्हणजे आपण कव्हरचं कव्हर करत होतो?"

हो. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त माहीत असायला हवं. पुण्याच्या माणसाला तर याचं नवल वाटूच नये. 'गीतरामायण' म्हटलं की कानात येतो तो सुधीर फडक्यांचा आवाज. पण १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभराहून थोडं अधिक, दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं झाली, तेव्हा ती अनेक गायकांनी गायली होती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, लता मंगेशकर होत्या. पुढे बाबूजींच्या एकट्याच्या गळ्यातलं गीतरामायण घराघरांत गेलं आणि पहिले आवाज मागे पडले. तिथे निदान चाल लावणाराच गात होता. इथे चाल लावणारा, पहिली गाणारी आणि गाजवणारे असे तिघे तीन ठिकाणी.

मी कीबोर्डवाल्याला गृहपाठ दिला. दोन्ही ध्वनिमुद्रणं समोर ठेव आणि दोन्हींत काय आहे ते एका कागदावर लिही, फक्त दुसऱ्यात आहे ते दुसऱ्या कागदावर. पहिल्या कागदावर आलं : चाल, शब्द, आणि चार सुरांवर फिरणारा पाया. सा, कोमल ग, कोमल ध, मध्यम. सगळं गाणं या चार पायऱ्यांवर येरझाऱ्या घालतं. हे एड कॉबचं. दुसऱ्या कागदावर : ठोक्यांचा तो ओळखीचा इलेक्ट्रॉनिक आवाज, सिंथेसायझरचा थंड पोत, संथ लय, खालची पट्टी. हे सॉफ्ट सेलचं. मग मी म्हटलं, आता दुसरा कागद फाड. ढोलकीवाल्याने चाटेवर, म्हणजे ढोलकीच्या कडेवर, तसेच दोन ठोके बसवण्यात पंधरा दिवस घातले होते. तो माझ्याकडे असं बघायला लागला की मी त्याची ढोलकीच फाडायला सांगितली आहे.

माझं मत इथे ठाम आहे. त्या ठोक्यांचा आवाज तसाच ढोलकीवर काढला तर ते 'टेंटेड लव्ह'चं कव्हर होत नाही, ती सॉफ्ट सेलची नक्कल होते. कॉलेजच्या गॅदरिंगला ठीक. टाळ्या पडतात, कारण लोक ओळखतात. पण ऐकणारा लगेच सॉफ्ट सेलचंच लावून ऐकतो, कारण ते जास्त चांगलं आहे.

पट्टी

पट्टीचा घोळ त्याच आठवड्यात उघडा पडला. गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा 'सा' पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. सॉफ्ट सेलचं गाणं पांढरी पाचमध्ये. अर्ध्या सुराचा तर फरक, म्हणून त्यांनी पट्टीचा विचारच केला नव्हता. माइकसमोर उभी राहिली आणि अंतऱ्याच्या ओळी नुसत्या हवेत विरायला लागल्या. आवाज बसकट, शब्दांना धार नाही. एक सप्तक वर गेली तर किंचाळी. नऊ टेक झाले. सॉफ्ट सेलने अख्खं गाणं दीड दिवसात उरकलं होतं, हे मी तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही.

खयाल गाणाऱ्या मुलांची ही हमखास चूक. 'माझी पट्टी काळी चार' हे वाक्य त्यांच्या तोंडी आडनावासारखं बसलेलं असतं. रागात ते बरोबर आहे, कारण तिथे मंद्रापासून तारापर्यंत कुठे आणि किती फिरायचं ते गाणारा ठरवतो. गाण्याच्या बाबतीत सा कुठे आहे याला फार अर्थ नाही. चाल 'सा'पासून किती खाली उतरते आणि किती वर चढते, तो पल्ला आपल्या गळ्यात कुठे बसतो, ते बघायचं.

उत्तर ग्लोरिया जोन्सकडेच होतं. तिचं गाणं पांढरी एकमध्ये आहे. अल्मंडच्या पुरुषी, खालच्या आवाजाला ते झेपेना म्हणून सॉफ्ट सेलने पांढरी पाच धरली. म्हणजे आमची गायिका, बाईच्या गळ्यासाठी बांधलेलं गाणं, पुरुषासाठी उतरवलेल्या पट्टीत गायला बघत होती. कारण काय, तर नेटवरचा ट्रॅक त्या पट्टीत होता. पांढरी एक लावली. तिला अजून अर्धा सूर वर हवा होता, काळी एक झाली. तिसऱ्या ओळीला ढोलकीवाल्याने काचेपलीकडून अंगठा वर केला.

लयीचं एवढं सोपं नव्हतं. सॉफ्ट सेलची लय मिनिटाला १४४ च्या आसपास, जोन्सची त्याहून पळती. कीबोर्डवाल्याला नाचता आलं पाहिजे असं गाणं हवं होतं. गायिका एका रात्री क्लिक, म्हणजे लय धरणारा यंत्राचा ठोका, बंद करून, नुसत्या तानपुऱ्याच्या ॲपवर, विलंबित म्हणावं तसं ते गायला लागली. सगळे गप्प झाले.

तेव्हा मी त्यांना कॉइलचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. इंग्लंडमधलाच हा गट, १९८५ चं काम. शब्द तेच, चाल तीच, पण लय जवळजवळ अंत्ययात्रेची. एड्सने माणसं मरत होती आणि त्याबद्दल उघड बोलायला कोणी तयार नव्हतं असा तो काळ. त्या तबकडीचं उत्पन्न त्यांनी टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलं. व्हिडिओत मार्क अल्मंड स्वतः दिसतो. १९६४ मध्ये त्या शब्दांत फक्त एक फसलेलं प्रेम होतं. एकवीस वर्षांनी एक अक्षर न बदलता त्या शब्दांत रक्त आलं, रुग्णालय आलं, भीती आली. मला विचाराल तर या गाण्याच्या सगळ्या कव्हरांत हेच खरं. २००१ मध्ये मॅरिलिन मॅन्सनने केलं ते एका विनोदी सिनेमासाठी, आणि त्यात आरडाओरडीपलीकडे मला काही सापडलेलं नाही.

बंदिश विलंबितातून द्रुतात गेली की तिचा चेहरा बदलतो हे गायिकेला दहाव्या वर्षीच माहीत होतं. पॉप गाण्याला तो नियम लावता येतो हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच. शेवटी मिनिटाला ९६ ठरली. नाचायला कमी, रडायला जास्त. ढोलकी गेली नाही, पण ओळीच्या शेवटी टक-टक करण्याऐवजी ओळीच्या खालून चालत राहिली. ढोलकीवाला म्हणाला, आजोबा लावणी बसून वाजवायचे तेव्हा असंच धरायचे.

शब्द

मराठी शब्द गायिकेने लिहिले होते आणि भाषांतर वाईट नव्हतं. वाद फक्त एका शब्दावर होता, आणि तो नेमका शीर्षकातला. 'टेंटेड'ला मराठीत काय म्हणायचं?

तिने आधी लिहिलं होतं 'बाटलेलं प्रेम'. बास वाजवणाऱ्याने हरकत घेतली. बाटणं म्हटलं की धर्म आला, जात आली, विहिरीत पडलेला पाव आला. प्रेम बाटलं म्हणजे ते कोणाच्या तरी स्पर्शाने बाटलं, आणि ज्याच्या स्पर्शाने बाटलं तो हलका. गाण्यात हे नाही. 'विटाळलेलं' तर त्याहून वाईट. तो शब्द ज्या ज्या माणसांना आपण दाराबाहेर उभं केलं त्यांच्यासाठी वापरून झालेला आहे. 'डागाळलेलं' बातमीतलं वाटतं, प्रतिमा डागाळली वगैरे. 'कलंकित' म्हटल्यावर ढोलकीवाला हसलाच.

उत्तर नारायण पेठेतून आलं. गायिकेच्या आजी जेवताना म्हणाल्या, "प्रेम नासतं गं. बाटतंय कसलं?"

नासलं. दुधासारखं. कोणी हात लावला म्हणून नाही, तर वेळेवर तापवलं नाही, नाहीतर नासक्याचा एक थेंब पडला, म्हणून. त्यात कोणाची जात नाही, आणि नासलेलं पुन्हा दूध होत नाही हेही त्यातच आलं. एवढा नेमका शब्द मिळाल्यावर सगळे इतके खूश झाले की पुढचं सांगायला माझी जीभ रेटेना.

परवाना आणि पैसे

पुढचं असं होतं की ते मराठी शब्द आम्हाला वापरता येणार नव्हते.

कायद्याच्या ३१सी कलमात कव्हरची तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम आलं. गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं उलटली की, मालकाला आगाऊ सूचना देऊन आणि आगाऊ मानधन भरून कोणीही ते नव्याने ध्वनिमुद्रित करू शकतो. त्याआधी ही मुदत दोन वर्षांची होती. ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानांत 'व्हर्जन'चा जो पूर आला होता तो त्याच सवलतीतून. मी शाळेत असताना लक्ष्मी रोडवरून जुन्या गाण्यांची कॅसेट आणली होती. वर मोठ्या गायकाचा फोटो. घरी लावली तर आवाज भलत्याचाच. नाव आत, घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. आता कायदा सांगतो की वेष्टन फसवं नको, आधीच्या गायकाचं नाव-चित्र त्यावर घालू नका, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट छापा. त्या कॅसेटचे बत्तीस रुपये अजून मनात आहेत, म्हणून हे कलम मला विशेष आवडतं.

पण त्याच कलमात दोन मेखा आहेत. एक, मूळ कृतीत असा कोणताही बदल करायचा नाही जो मालकाने पूर्वी केलेला किंवा करू दिलेला नाही. तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असेल तेवढाच चालेल. भाषांतर हा 'तांत्रिक बदल' नाही, तो मालकाचा वेगळा हक्क आहे. गीतरामायण हिंदीत, कानडीत, तेलुगूत त्याच चालींवर गेलं. तशी गाणी भाषेबाहेर जातात, पण ती विचारून. दोन, मानधन दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचं भरायचं. काही भाषांसाठी ही संख्या कमी ठरवता येते, तरी ज्या बँडच्या कार्यक्रमाला दोनशे माणसं आली की पेढे वाटतात त्याने पन्नास हजार प्रतींचं बोलायचंच कशाला?

म्हणून छोटी मंडळी बहुतेक दुसऱ्या वाटेने जातात. ऑनलाइन वितरण करणाऱ्या काही सेवा वेगळं शुल्क घेऊन कव्हरचा परवाना काढून देतात. त्याच्या मुळाशी अमेरिकी कायद्याचं ११५ वं कलम आहे. ते थोडं सैल आहे : आपल्या शैलीत गाणं बसवता येतं, लय-वाद्यं बदलता येतात, पण मूळ चाल आणि गाण्याचा पिंड बदलायचा नाही. भाषांतर तिथेही बसत नाही. आणि हा परवाना फक्त ऐकण्यापुरता. सोबत व्हिडिओ लावला की प्रकाशकाशी पुन्हा वेगळं बोलणं आलं.

गायिकेने प्रकाशकाला रीतसर मेल लिहिली. भाषांतर, त्याचं इंग्रजीत शब्दशः उलटं भाषांतर, डेमो, सगळं जोडून. पोच आली, यंत्राने पाठवलेली. सहा आठवड्यांत दुसरं काही आलं नाही.

मग ती म्हणाली, "मी मूळ इंग्रजी शब्दच गाते." आणि गायली. काळी एक, ९६ ची लय, खालून ढोलकी. 'व्ह'चा उच्चार तिला तीनदा करायला लावला, बाकी एका बैठकीत झालं.

मराठी शब्दांचं काय करायचं यावर मात्र भांडण झालं. कीबोर्डवाल्याचं म्हणणं, चाल बदलून टाकू, मग ते आपलंच गाणं. मी म्हटलं, नाही. चाल बदललीस तरी शब्द कॉबच्या शब्दांचं भाषांतरच आहेत, आणि शब्द ही वेगळी कृती आहे हे आपण पहिल्याच दिवशी बोललो. ओळी टाकाव्या लागतील. 'नासलं' ठेवा. तो कॉबचा नाही, आजींचा आहे.

इथे मी त्यांना सॉफ्ट सेलचा सगळ्यात महागडा निर्णय सांगितला. त्या काळी तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या गाण्यांना गीतकार-संगीतकाराचं मानधन सारखंच मिळायचं. लोक पुढच्या बाजूसाठी विकत घेत, मागच्या बाजूवाल्यालाही तेवढेच पैसे. म्हणून कव्हर पुढे टाकणारे शहाणे लोक मागच्या बाजूला स्वतःचं गाणं टाकत. सॉफ्ट सेलने मागच्या बाजूलाही कव्हरच टाकलं, द सुप्रीम्सचं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'. मोठ्या तबकडीवर दोन्ही जोडून नऊ मिनिटांची एक सलग लगड केली. ऐकायला झकास. पण लाखोंनी खपलेल्या त्या तबकडीतून लेखनाचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. पुढे २००६ मध्ये रिहानाच्या 'एसओएस'मध्ये सॉफ्ट सेलच्याच ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला गेला आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लेखकांच्या यादीत नाव लागलं एड कॉबचं. तो १९९९ मध्येच वारला होता.

सी.ए.वाल्याने हे ऐकताना पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग मागची बाजू तयार झाली. हल्ली बाजू नसतात, पण दोन गाण्यांचं एक सिंगल काढता येतं. 'नासलं' हे दुसरं गाणं, शब्द कोरे, चाल कोरी. एका स्वयंपाकघराची गोष्ट, ज्यात दूध वर येतं आणि कोणीच गॅस बंद करायला उठत नाही. खरं सांगायचं तर मला ते पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, पण कढ येतानाच्या कडव्यात ढोलकी जरा जास्त झाली आहे. सांगितलं होतं, ऐकलं नाही.

अकराव्या आठवड्यात वितरणाचा अर्ज भरायला बसलो. पहिल्या गाण्यापुढे रकाना : 'मूळ कलाकार'. एकच नाव मावेल एवढी जागा. अर्धा तास वाद झाला. कीबोर्डवाला म्हणाला, सॉफ्ट सेल लिहू, लोक तेच शोधतात. गायिकेने त्याच्याकडे बघितलं, कीबोर्ड पुढे ओढला आणि टाइप केलं : ग्लोरिया जोन्स. गीत-संगीत : एड कॉब. मुखपृष्ठावर एड कॉबचं नाव घातलं, आणि 'कव्हर' हा शब्द वाचता येईल एवढा मोठा.

दुसऱ्या गाण्यापुढे रकाना : 'गीतकार'. चार नावं. क्रम कसा लावायचा? वर्णानुक्रमे, असं मी सुचवलं. ढोलकीवाल्याचं नाव 'ह'वरून आहे. तो अजून माझ्याशी थोडा कमी बोलतो. आजींचं नाव घालायचं राहिलं हे त्यानेच अर्ज गेल्यावर लक्षात आणून दिलं. दुरुस्तीचा अर्ज परवा केला आहे.